खोली भाड्याने देणे हाही धंदाच आहे

दुकानात माल मांडताना आपला व्यापारी किती बारकाईने वागतो, हे आम्ही रोज पाहतो. बागवान पेटी फोडल्याबरोबर डागी फळ बाजूला काढतो. कापडवाला तागा उलगडून उजेडाला धरतो. चपलांचा व्यापारी जोड जुळल्याशिवाय डबा बंद करीत नाही. पण हाच माणूस दुकानाच्या वरची खोली भाड्याने द्यायला काढतो, तेव्हा मोडकी सायकल आणि जुन्या गाद्या माळ्यावर ढकलतो, भिंतीवर चुन्याचा एक हात फिरवतो आणि पहिला जो कोणी येईल त्याच्याकडून अनामत मोजून घेतो. पुढे दोन वर्षांनी भांडण झाले की भाडेकरूंची जातच वाईट, असे चारचौघांत सांगत फिरतो. खोलीत काय होते आणि काय नव्हते, याचा हिशेब मात्र तो कधी मांडत नाही.

हा विषय आम्ही मुद्दाम शिरूर आणि दौंड या दोन गावांना धरून मांडत आहोत, कारण भाड्याच्या खोलीची गरज या दोन ठिकाणी जितकी वाढली तितकी पुणे जिल्ह्याच्या फार थोड्या तालुक्यांत वाढली असेल. शिरूर म्हणजे जुने घोडनदी, पुणे ते अहिल्यानगर रस्त्यावरची जुनी पेठ. रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तालुक्याचे चित्र बदलले. मोटारी, फ्रीज, टीव्ही बनविणारे मोठे कारखाने आले, त्यांच्यामागे सुटे भाग बनविणारे छोटे आले, आणि मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून कामगार आले. कारेगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथे शेताच्या बांधावर खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. दौंडचे तसे नाही. तेथील भाडेकरू जुना आहे. 1878 मध्ये मनमाडकडे जाणारा रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हापासून हे जंक्शनचे गाव, आणि रेल्वेचा माणूस बदलीवर येणार व बदलीवर जाणार. त्यात राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट तेथे, आणि कुरकुंभची रासायनिक वसाहत शेजारी. म्हणजे शिरूरकडे पाळीवर काम करणारा कामगार, बहुधा एकटा. दौंडकडे पगारदार आणि बहुधा कुटुंबवाला. दोघांना एकाच मापाची खोली चालत नाही, हे ज्याने ओळखले त्याची खोली रिकामी पडत नाही.

आमची स्वतःची चूक आधी सांगतो. आमच्या घराच्या माडीवर दोन खोल्या होत्या. धाकट्या भावाचे लग्न होऊन तो वेगळा राहू लागला, तेव्हा आम्ही त्या भाड्याने द्यायचे ठरविले. रंग दिला, दाराला नवी कडी बसविली, झाले. एक तरुण जोडपे लहान मुलीसह राहायला आले. थंडीच्या दिवसांत एका सकाळी वरून किंकाळी आली. न्हाणीत बादलीमध्ये पाणी तापवायचा रॉड लावलेला होता, बादली पत्र्याची, फरशी ओली, आणि मुलीने बादलीला हात लावला. तिच्या आईने धावत जाऊन बटण बंद केले म्हणून मुलगी वाचली. वायरमनला बोलाविले. त्याने प्लगच्या खालचे भोक दाखवून विचारले, «चाचा, ही अर्थिंगची वायर कुठे जाते?» ती कुठेच जात नव्हती. आमच्या वडिलांच्या काळात दोन तारांची जोडणी झाली होती, आणि नंतर कोणी तरी तीन भोकांचे सॉकेट नुसते शोभेला बसविले होते. त्या घरात आम्ही तीस वर्षे राहिलो. आम्हाला सवय होती, कुठे हात लावायचा नाही ते ठाऊक होते. भाडेकरूला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते कुटुंब पुढच्या महिन्यात निघून गेले. अनामत परत देताना मुलीच्या वडिलांनी आम्हाला एक शब्दही ऐकविला नाही, आणि तेच जास्त लागले.

तेव्हापासून आमचे मत असे आहे की रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडावा. आधी वीज. अर्थिंगचा खड्डा आहे की नाही, त्यात पाणी शेवटचे कधी घातले, हे पाहावे. शिरूरकडच्या मुरमाड, कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा सुकतो आणि सुकलेली अर्थिंग असून नसल्यासारखी. कोळसा आणि मीठ घालून नीट भरलेल्या खड्ड्यातही अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते. त्याच्या जोडीला गळती झाली की क्षणात प्रवाह तोडणारे तीस मिलिअँपिअरचे यंत्र मुख्य फलकावर बसवून घ्यावे. एका पंख्याच्या किमतीच्या आसपास ते येते, आणि आमच्या घरी ते असते तर त्या सकाळी किंकाळी ऐकू आली नसती. न्हाणीत गॅसचा गिझर तर मुळीच नको. दार लावलेल्या लहानशा न्हाणीत ज्वलनासाठी हवा पुरत नाही, कार्बन मोनॉक्साइड साठते, त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणारा माणूस आतच कोसळतो. गिझर हवाच असेल तर बाहेर मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त पाणी आणावे.

मीटर हा दुसरा भाग, आणि येथे भांडणे फार होतात. आपल्याकडे तीन बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर असतो व मालक आपल्या मर्जीने युनिटचा दर लावतो. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या 100 युनिटचा दर कमी असतो, त्यापुढे 300 पर्यंतचा बराच चढा. तीन बिऱ्हाडांची वीज एकाच मीटरवर मोजली गेली की सर्वांचे मिळून युनिट चढ्या दरात जातात; वेगवेगळे मीटर असते तर प्रत्येकाला स्वस्त युनिटांचा लाभ मिळाला असता. मालकाला वाटते आपण कमावतो, भाडेकरूला वाटते आपल्याला लुटले जाते, आणि खरे पाहता दोघेही जास्त भरत असतात. दुकानाच्या व्यापारी मीटरवरून वरच्या खोलीला तार ओढणारे तर आणखी महागात पडतात. खोलीला स्वतंत्र मीटर घ्यावा आणि राहायला येण्याच्या दिवशी त्यावरचा आकडा दोघांनी मिळून लिहून ठेवावा.

आता आमच्या वाचकांपैकी निम्म्यांना लागू पडणारी गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांचे घर आणि दुकान एकाच इमारतीत असते. खाली गादीचा कारखाना, फर्निचरचे दुकान, वेल्डिंगचे शेड, बेकरी किंवा गॅरेज, वर खोल्या. अशा इमारतीचा जिना कोठून आहे, हे प्रथम पाहा. जिना जर दुकानाच्या आतून असेल आणि रात्री तुम्ही शटरला बाहेरून कुलूप लावून जात असाल, तर वरच्या माणसाला तुम्ही कोंडून ठेवले आहे. डिसेंबर 2016 मध्ये पुण्यात कोंढव्याच्या एका बेकरीत पहाटे आग लागली. आत झोपलेले सहा कामगार मेले, दार बाहेरून बंद होते. मे 2019 मध्ये उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार गेले. तेथेही बाहेरून कुलूप. ते भाडेकरू नव्हते हे खरे. पण कापूस, फोम, थिनर, लाकडाचा भुसा आणि बंद शटर यांना आतला माणूस नोकर आहे की भाडेकरू, हे कळत नाही. ज्याच्याकडे बाहेरून वेगळा जिना काढण्याची सोय नाही त्याने दुकानाच्या वर भाडेकरू ठेवूच नये, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. लोखंडी जिना वेल्डिंगवाल्याकडून बाहेरच्या भिंतीला लावून घेता येतो. खर्च येईल, परंतु तो एकदाच येईल. शिवाय बाहेरून जिना असला की घरच्या बायकांचे येणे-जाणे वेगळे राहते, भाडेकरूच्या बायकोलाही दुकानातल्या गिऱ्हाइकांमधून वाट काढावी लागत नाही.

कारागीर बांधवांनी आवाजाचाही विचार करावा. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी आलेल्या कामगाराच्या डोक्याखाली आपण दहाला ग्राइंडर लावतो. तो दोन महिने सहन करतो आणि तिसऱ्या महिन्यात कारेगावात दुसरी खोली बघतो. वर्कशॉपच्या वरची खोली पाळीच्या कामगाराला देऊ नये. ती दिवसा बाहेर असणाऱ्या माणसाला द्यावी, आणि यंत्र किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालेल हे बोलणी करतानाच सांगून टाकावे. सांगितलेल्या आवाजाचे भांडण होत नाही.

भिंतीच्या ओलीबद्दल थोडे लिहितो, कारण फसवणूक येथेच जास्त होते, आणि फसवणारे आपणच असतो. भिंतीला लोणा लागला आहे, प्लास्टर फुगले आहे, अशा भिंतीवर उन्हाळ्यात डिस्टेंपर मारले की मे महिन्यात ती भिंत नव्या नवरीसारखी दिसते. जुलैत पापुद्रे सुटतात. भाडेकरूच्या कपाटातले कपडे कुबट होतात, मुलांना खोकला लागतो, आणि मालक म्हणतो, «देताना तर चांगली होती.» ओल रंगाने जात नाही. ती गच्चीवरून येते की न्हाणीच्या नळातून येते, की जोत्यातून वर चढते, हे आधी शोधावे लागते. गच्चीचा कोबा केला असेल तर पाणी जाण्याचे तोंड बंद करून काही दिवस पाणी साठवून पाहावे, खाली छताला डाग पडतो का ते बघावे. दौंडच्या भीमाकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरक्या चिरा पडतात. अशा चिरेत नुसते सिमेंट भरून रंग दिला तर पुढच्या वर्षी ती पुन्हा तोंड उघडते. जाणत्या गवंड्याला दाखवून मगच हात घालावा. पत्र्याच्या खोल्या असतील तर उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर वरून पांढरा चुना मारून घ्यावा. ऊन परतवले जाते आणि खोली बऱ्यापैकी सुसह्य होते. या कामाला दोन माणसे आणि एक सकाळ पुरते, तरी ते करणारे मालक आम्हाला थोडेच दिसतात.

संडास आणि पाणी. भाडेकरूच्या बाईने खोली पाहिली की ती ओट्याआधी संडास पाहते, हे लक्षात ठेवा. सेप्टिक टाकी भाडेकरू येण्यापूर्वी यंत्राच्या टँकरने उपसून घ्यावी. माणूस उतरवून टाकी साफ करणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात माणसे गुदमरून मरतात म्हणूनच तो कायदा झाला. पाण्याची टाकी झाकणासह हवी, आणि नळाचे पाणी किती वेळ येते, बोअरचे किती, हे खरे सांगावे.

दौंडच्या वाचकांसाठी एक खास सूचना. राखीव पोलीस दलाचा जवान बंदोबस्तासाठी महिना-महिना बाहेर असतो. घरात बायको आणि मुले. त्या बाईला भाडे पाचशे कमी असण्यापेक्षा दाराला आतून मजबूत अडसर, बाहेर कोण आले ते दिसेल असे भोक आणि जिन्यात रात्रभर जळणारा दिवा जास्त महत्त्वाचा वाटतो. जुन्या भाडेकरूकडे चावी राहिली असेल तर कुलूप बदलून द्यावे. या गोष्टी न मागता दिल्या की असे कुटुंब बदली होईपर्यंत हलत नाही, आणि जाताना आपल्याच पलटणीतला दुसरा भाडेकरू आणून देते.

आता कागद. येथे आपल्या लोकांच्या डोक्यात एक जुनी भीती बसलेली आहे आणि ती निराधार नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधली गेली होती. पेठेतल्या जुन्या वाड्यांत दहा-पंधरा रुपयांवर तीन-तीन पिढ्या राहिलेले भाडेकरू आपण पाहिले आहेत. पुढे 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षी 1 फेब्रुवारीला परवान्यावर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यामुळे कागद केला की घर गेले, अशी समजूत झाली. परंतु तो कायदा आता नाही. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला आणि त्याने गोष्ट उलटी केली. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी हवा व नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कागद न केल्याने घर धोक्यात येते.

अकरा महिन्यांचा करार नोटरीकडे केला की नोंदणी लागत नाही, असे दहापैकी नऊजण आम्हाला सांगतात. वर्षाच्या आतील भाडेपट्ट्याला नोंदणी नको, हा जुन्या केंद्रीय कायद्यातील नियम. महाराष्ट्रात कलम 55 ने ती पळवाट ठेवली नाही. खर्च तरी किती आहे? समजा भाडे सहा हजार, मुदत दोन वर्षे, अनामत वीस हजार. दोन वर्षांचे भाडे 1 लाख 44 हजार. अनामतीवर दर साल 10 टक्के प्रमाणे धरलेली रक्कम चार हजार. एकूण 1 लाख 48 हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे पावणेचारशेच्या आसपास. नगरपालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार, खेडेगावात पाचशे. करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. आता तर हे काम संगणकावर अंगठा देऊन होते, नोंदणी कार्यालयात रांग लावावी लागत नाही. करार परवान्याचा असला आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि बसून राहिलेल्या दिवसांचे दुप्पट शुल्क मागता येते. उलट चिडून पाणी किंवा वीज तोडणारा मालक स्वतःच गुन्हेगार ठरतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी आणि पोच जपून ठेवावी. परगावच्या कामगाराच्या बाबतीत तर हे चुकवूच नये.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. सूरह बकराची 282 वी आयत आपण सर्वांनी ऐकली आहे. तरीही भावाभावांत आणि शेजाऱ्यांत आपण म्हणतो, «अरे, जबान दी है ना!»

अनामतीविषयी आमचे मत काहींना कडू लागेल. दोन-तीन लाख अनामत घ्यायची आणि भाडे घ्यायचे नाही, अशी प्रथा आपल्या मोहल्ल्यांत वाढली आहे. लोक तिला भारी डिपॉझिट म्हणतात. दुकानात माल भरायला एकरकमी पैसा मिळतो, म्हणून व्यापाऱ्याला ती गोड वाटते. पण हे दुसऱ्याचे पैसे आहेत, आणि त्या पैशांच्या बदल्यात तो फुकट राहत आहे. कर्जाच्या मोबदल्यात घेतलेला असा फायदा व्याजात मोडतो असे अनेक उलमा सांगतात. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मौलाना साहेबांना विचारावे. आम्ही येथे फक्त धंद्याची बाजू मांडतो. ही रक्कम मालात, लग्नात किंवा जुन्या देण्यात जिरते. मुदत संपते, भाडेकरू पैसे मागतो, आणि मालाची उधारी बाजारात अडकलेली असते. मग तो घर सोडत नाही, आणि त्याचे चुकतही नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत नको, असे म्हटले आहे. तो राज्यांसाठी केवळ नमुना आहे. पण ते माप धरून चालायला आपल्याला कोणी अडविलेले नाही. घेतलेली अनामत दुकानाच्या गल्ल्यात न टाकता वेगळ्या खात्यात ठेवावी.

भाडेकरू निवडताना पगार, कामाचे ठिकाण आणि आधीच्या मालकाचा शब्द पाहावा. नाव आणि गाव पाहून दार लावू नये. आपली मुले पुण्यात शिकायला किंवा नोकरीला जातात तेव्हा फोनवर आडनाव सांगताच «खोली गेली हो» असे ऐकून परत येतात. ही गोष्ट ज्याने घरात ऐकली आहे, त्याने बिहारच्या पोराला किंवा दुसऱ्या जातीच्या कुटुंबाला तेच उत्तर देऊ नये. मात्र दहा बाय बाराच्या खोलीत आठ-आठ जण कोंबून माणशी पैसे घेणाऱ्यांचे आम्ही समर्थन करीत नाही. त्यात पैसा दिसतो, पण संडास वर्षात भरतो, वायरिंग तापते आणि शेजारी तक्रार करतात. किती माणसे राहणार हे करारात लिहावे.

आणखी एक विचार कारागिरांसाठी. वर सांगितलेली सगळी कामे करणारे हात आपल्याच मोहल्ल्यात आहेत. वायरमन आपला, गवंडी आपला, रंगारी, सुतार, वेल्डर, नळ बसविणारा आपलाच. पण घरमालकाला पाच जणांच्या मागे पाच दिवस फिरावे लागते, म्हणून तो रंगावर भागवतो. चार-पाच कारागिरांनी एकत्र येऊन «खोली भाड्याने देण्यासाठी तयार करून मिळेल» असे एकच काम एका अंदाजपत्रकात घेतले, तर शिरूर ते रांजणगाव पट्ट्यात त्यांना कामाचा तुटवडा पडणार नाही. सहा हजारांची खोली दोन महिने रिकामी राहिली की बारा हजार बुडतात. एवढा हिशेब मालकाला समजावून सांगता आला तर काम मिळतेच. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर भरणाऱ्या मालकाला, नगरपालिकेचा भरलेला कर वजा जाता उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्ती प्रत्यक्षात कितीची केली हे कोणी विचारत नाही. हेही त्याला सांगावे.

आमच्या माडीवर सध्या रेल्वेतले एक कुटुंब आहे. राहायला येण्याच्या दिवशी आम्ही पंखे, दिवे, नळ, खिडकीच्या काचा यांची याद केली, मोबाइलवर फोटो काढले, मीटरचा आकडा लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. मग त्या गृहस्थांनी खिशातून टेस्टर काढला आणि एकेक सॉकेट स्वतः तपासले. आम्हाला राग आला नाही. आम्ही जिन्यात उभे राहून त्यांचे तपासणे पुरे होईपर्यंत थांबलो, आणि मगच चावी दिली.